काशाच्या वाडग्यातला उभा बर्फ

पाण्याने आजवर कोणाचंही ऐकून काही केलेलं नाही, हे मी तुम्हाला लिहून देतो! ते उतारावरून खाली जातं, तापवलं की वर जातं आणि गोठलं की फुगतं. याउपर त्याला स्वतःचं मत नाही. सारी हयात मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं, आणि पाण्याच्या बाबतीत माझी एकदाही फसगत झाली नाही. माणसांच्या बाबतीत झाली. पण माणसं हा माझा विषय नव्हे.

आमच्या जोल्ला भागातल्या डोंगरात, एका उभ्या कड्याच्या पायथ्याशी भिक्षुणींची लहानशी मठी आहे. हिवाळ्यात तिच्या अंगणात लोक वाडग्यांतून पाणी ठेवून जातात. ठेवताना मनात काहीतरी मागायचं आणि मागे न बघता निघायचं. रात्री पाणी गोठतं. बहुतेक वाडग्यांत ते ताटासारखं सपाट गोठतं. पण क्वचित एखाद्या वाडग्यातून बर्फाचा एक सुळका सरळ आभाळाकडे वर आलेला असतो. छपरावरून लोंबणारे सुळे कोणीही पाहिले असतील. हा खालून वर वाढतो, गवताच्या पात्यासारखा. ज्याच्या वाडग्यातलं पाणी असं उठलं, त्याचं मागणं ऐकलं गेलं, अशी आमच्याकडची समजूत.

कारण अगदी सरळ आहे. पृष्ठभाग कडेकडून आत गोठत येतो, मधोमध एक छिद्र उरतं. खालचं पाणी गोठताना फुगतं, त्याला जागा लागते, ते छिद्रातून वर ढकललं जातं आणि काठाकाठाने गोठत नळीसारखं चढत जातं. हे मी कोणालाही दोन मिनिटांत पटवून देऊ शकतो. तक्रार एवढीच, की पटल्यावर लोक माझ्याकडे असे बघतात, जणू मी त्यांची चप्पल चोरली आहे.

तरीही त्या सुळक्याचा एक चांगला फोटो आपण काढावा, ही माझी जुनी इच्छा. आमच्या गिरिभ्रमण मंडळाचं दर वर्षी प्रदर्शन भरतं. त्यात गोठलेले धबधबे असतात, झाडांवरचं हिम असतं. पण पहाटेच्या उजेडात, खालून वर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर टिपलेला उभा बर्फ कोणाकडेच नव्हता. तो मी काढणार होतो. या हिवाळ्यात तसं जाहीरही करून बसलो होतो. आणि नेमकं याच हिवाळ्यात आमच्या सेबोमचं लग्न आडवं आलं.

म्हणजे लग्न आडवं आलं नाही. मी आलो.

सेबोम माझी एकुलती एक मुलगी. तिचं आणि तेसानचं एकमेकांशी कधीच ठरलं होतं. राहिलं होतं ते रीतीप्रमाणे दोन्ही घरांनी एकत्र जेवणं. तेसानची आई मेंगबाई. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणाचा व्यवसाय वाढवला. अंगणात कमरेइतक्या उंच बरण्यांच्या रांगा. आवाज मऊ, नजर मात्र झाकण न उघडता बरणीत काय चाललंय ते ओळखणारी.

जेवण छान चाललं होतं. मेंगबाई जुन्या आठवणी सांगत होत्या.

"लग्नाला कितीतरी वर्षं झाली, तरी कूस उजवेना हो! मग सासूबाईंनी त्यांचा वाडगा दिला. म्हणाल्या, जा, मठीत पाणी ठेवून ये. सकाळी जाऊन बघते, तर बोटभर पाणी उठलेलं! पुढच्या शरदात तेसान झाला."

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. माझ्या बायकोने डोळे टिपले.

"गोठताना पाणी साधारण एक-अकरांश फुगतं," मी म्हणालो. "त्याचा तो परिणाम. तेसानच्या जन्मामागे अन्यही कारणं असणार."

टेबलावरचं सूपसुद्धा वाफ आवरून बसलं. बायकोने टेबलाखालून माझ्या मांडीला काढलेला चिमटा मी शास्त्रीय कुतूहलाने सोसला. मेंगबाईंनी चमचा खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. तेच वाईट.

"बांगसर," त्या म्हणाल्या, "मुलगी गुणाची आहे, त्यात वाद नाही. पण ज्या घरात कोणी कशापुढेच वाकत नाही, ते आजोळ माझ्या नातवंडांना काय शिकवणार? मी यंदा वाडगा ठेवते. नवं चांद्रवर्ष लागायच्या आत पाणी उठलं, तर लग्न. नाही उठलं, तर मी काही बोलणार नाही. पाणी बोललं असं समजा!"

घरी आल्यावर बायकोने कोटही काढला नाही.

"अहो सेबोमचे बाबा! ते एक-अकरांश घशातच गोठलं असतं, तर काय बिघडलं असतं हो?"

"माहिती चुकीची नव्हती."

"माहिती गेली खड्ड्यात! आता एकच करा. नवं वर्ष लागेपर्यंत त्या डोंगराकडे फिरकू नका. तुम्ही नुसते तिथून गेलात, तरी पाणी रुसायचं!"

"पाणी रुसत ना..."

"बाबा." सेबोम ओट्याशी उभी होती. ती ओरडली असती, तर मी काही युक्तिवाद केला असता. ती पाठमोरीच राहिली आणि घासून ठेवलेले वाडगे पुन्हा घासू लागली. एक झाला की दुसरा. या एका बाबतीत माझ्याकडे कोणतंही सूत्र नव्हतं.

हिवाळा उबदार निघाला. मठीतल्या वाडग्यांत साय धरावी तसा पातळ बर्फ धरायचा आणि दुपारी विरघळायचा. सेबोम रोज संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघे, ऑफिसातून येता येता, बूटही न काढता. नवं वर्ष जवळ आलं. आणि मग एके दिवशी बातमी आली: उत्तरेकडून थंडीची लाट, निरभ्र रात्र, मंद वारा. उभ्या बर्फासाठी याहून चांगली रात्र मागूनही मिळाली नसती. अर्थात, मागून काहीच मिळत नाही.

मी माझा मित्र योमकडे गेलो. योमने आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलं; आता तो चालवतो ती फक्त जीभ.

"शुद्ध पाणी हवंय," मी म्हणालो. "ऊर्ध्वपातित. मठीतल्या झऱ्याच्या पाण्यात क्षार असतात, ते सुळका वाढू देत नाहीत. एक वाडगाभर मेंगबाईंसाठी, बाकी माझ्या वाडग्यांसाठी."

"त्यांचं पाणी ओतून देऊन तू तुझं भरणार? म्हणजे थेट देवाच्या पेपरात कॉपी!"

"कॉपी नव्हे. उत्तर पाण्यालाच लिहायचंय. मी फक्त चांगलं पेन देतोय."

"आणि बायकोला काय सांगून निघणार?"

"फिरायला चाललोय म्हणून. डोंगराचं नाव तिने विचारलं नाही."

"बांग, तू खोटं बोलत नाहीस हे खरं," योम कोट चढवत म्हणाला. "पण तुझं खरं ऐकण्यापेक्षा लोकांचं खोटं परवडतं!"

माझी योजना निर्दोष होती. सकाळी मेंगबाई येतील, पाणी उठलेलं बघतील, लग्न ठरेल. त्याआधी मला फोटो मिळालेला असेल. मुलगी सुखी, प्रदर्शन जिंकलेलं, आणि शुद्ध पाण्याविषयीचं माझं अनुमान सिद्ध!

आम्ही दुपारी चढायला लागलो. त्या वाटेविषयी मला नेमकेपणाने लिहिता येत नाही, आणि ही माझ्यासाठी दुर्मीळ गोष्ट आहे. ओढा गोठला होता, पण वाहता वाहता. प्रत्येक वळणावर पाणी कशाचा तरी विचार करत थबकल्यासारखं. काचेसारख्या थरांत मेपलची पानं होती, लाल ती लालच राहिलेली, आणि त्यांच्याभोवती बुडबुड्यांच्या माळा मध्येच थांबलेल्या. कड्यावरून उतरणारा धबधबा निळसर खांबांचा झाला होता. जवळ गेलं, की त्या खांबांच्या आत कुठेतरी बारीक पाणी चालल्याचा आवाज येई. झोपेतल्या माणसाने पुटपुटावं तसा. गवताच्या काडी-काडीवर हिमाची पिसं उभी होती. मी एका काडीवर फुंकर घातली, ती पिसं हवेत विरघळून गेली, आणि मला विनाकारण तिची क्षमा मागावीशी वाटली.

योमसुद्धा गप्प होता. त्याची जीभ गोठली की काय, अशी शंका घेऊन मी मागे वळून पाहिलं. तो हातमोजा काढून खांबाला एक बोट लावून उभा होता.

"बांग, हे आतून चालू आहे रे अजून," तो हळूच म्हणाला.

"वरचा बर्फ उष्णता धरून ठेवतो," मी म्हणालो. पण मीही हळूच म्हणालो.

मठीत पोहोचलो, तेव्हा उन्हं कड्यावरून निघून जात होती. अंगणात वाडग्यांच्या रांगा होत्या. पांढरे, निळ्या काठाचे, स्टीलचे, एक प्लास्टिकचाही. आता यांतला मेंगबाईंचा कोणता? वाडग्यावर कोणी नाव घालत नाही. पण अनुमान हे माझं काम. वाडगा सासूबाईंचा, म्हणजे जुना. जुन्या घरातला, म्हणजे काशाचा. अंगणात काशाचा वाडगा एकच होता. रांगांत नव्हे, स्वयंपाकघराच्या पायरीशी, एका स्वच्छ सपाट दगडावर, एकटा. इतकी मानाची जागा कोणाची असणार? दर वर्षी मठीला वाटणाच्या बरण्या पाठवणाऱ्या बाईंची! या युक्तिवादात मला खोट दिसली नाही. आजही दिसत नाही. खोट वस्तुस्थितीत होती.

मी त्यातलं पाणी ओतून दिलं आणि शुद्ध पाणी भरलं. माझे वाडगे भिंतीच्या आडोशाला ओळीने मांडले. रात्रीपुरती जागा मिळाली. आमच्याकडच्या रीतीने खालून चुलीच्या धगीने तापवलेल्या जमिनीवर आम्ही पसरलो आणि मी निर्धास्त झोपलो.

पहाटे बाहेर आलो. आभाळ पूर्वेकडे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं उजळत होतं. बर्फावर माझ्याच पावलांचा आवाज, बाकी काही नाही. आधी भिंतीकडे गेलो. माझे वाडगे सपाट. सगळे! भाजायच्या आधीच्या पापडासारखे. जरा चमत्कारिक वाटलं. मग पायरीकडे वळलो, आणि तिथेच थांबलो.

काशाच्या वाडग्यातून एक सुळका वर आला होता. वीतभर. किंचित तिरका, जणू उठता उठता कोणीतरी हाक मारली म्हणून मान वळवलेला. बुडाशी दुधी, वर वर पारदर्शक होत गेलेला. आणि टोक इतकं बारीक, की बर्फ कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते ठरवता येऊ नये. त्याच्या आत पहाटेचा गुलाबी रंग खालून वर चढत होता. मी श्वास रोखला. मला सगळं माहीत होतं: छिद्र, दाब, नळी, सगळं. त्या घटकेला ते सगळं खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मग भानावर आलो आणि कॅमेरा काढला.

आता तांत्रिक अडचण समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. सुळका आभाळावर टिपायचा, तर डोळा जमिनीला लावायला हवा. म्हणून मी गुडघे टेकले, कोपरं टेकली, कपाळ बर्फापर्यंत नेलं. पण श्वास सोडताच काच धुक्याने भरली. म्हणजे श्वास रोखून खाली जायचं, एक फोटो घ्यायचा, उभं राहायचं, दूर तोंड करून श्वास सोडायचा, बोटं गारठली म्हणून दोन्ही तळवे छातीशी जोडून चोळायचे, आणि पुन्हा गुडघे, कोपरं, कपाळ. प्रत्येक वेळी उजेड वेगळा! प्रत्येक वेळी गुलाबीत थोडं सोनं मिसळलेलं! मी थांबूच शकत नव्हतो. खाली, वर, तळवे. खाली, वर, तळवे.

माझ्या मागे कोणीतरी हुंदका दिला.

स्वयंपाकाच्या सेवेला आलेल्या गावातल्या बायका पायऱ्यांवर उभ्या होत्या. हातात भाजीच्या टोपल्या, आणि चेहऱ्यावर मी विज्ञानाच्या वर्गात कधीही न पाहिलेला भाव.

"हे ते शाळेतले बांगसर ना?" एकीने योमला विचारलं. तो नुकताच डोळे चोळत बाहेर आला होता. "कशालाच मानत नाहीत ते?"

"तेच," योम म्हणाला.

"मग हे पहाटेपासून एकशेआठ नमस्कार कशासाठी हो?"

योमने माझ्याकडे पाहिलं. आम्ही इथे कशाला आलो हे सांगणं शक्य नव्हतं. त्याने खालच्या आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मुलीसाठी."

"अगं बाई!"

मी नेमका तेव्हा श्वास रोखून खाली होतो. बोलायचं, तर काच गेली असती, आणि टोकाला आत्ताच पहिलं ऊन लागलं होतं. मी बोललो नाही. उठलो, श्वास सोडला, तळवे चोळले, आणि तोवर त्यांच्यातल्या दोघी फोनवर बोलत होत्या!

काही क्षणांत माझ्याही खिशात फोन वाजला.

"अहो, सेबोमचे बाबा!" बायकोचा आवाज ओला होता. "खरं का हो हे?"

"काय खरं का?"

"कांगच्या वहिनींनी आत्ता मठीतून फोन करून सांगितलं. तुम्ही... बर्फात... नमस्कार... अहो, तुमच्या गुडघ्याला तो पट्टा तरी बांधलाय का?"

"हे बघ, वस्तुस्थिती अशी आहे, की..."

"काही बोलू नका! मोजणं चुकेल! करत राहा!" आणि मागून सेबोमचा आवाज आला, "बाबा?" एवढाच. पण मोठी झाल्यापासून तिने मला तशी हाक मारली नव्हती. फोन बंद झाला.

मी फोन हातात धरून उभा राहिलो. शास्त्रज्ञाला चुकीचं निरीक्षण दिसलं, की त्याने ते तत्काळ खोडून काढावं. मी ते खोडणार होतो. पण आधी एक शेवटचा फोटो; ऊन बुडापर्यंत उतरलं होतं आणि सुळका आतून पेटल्यासारखा दिसत होता. मी पुन्हा खाली गेलो.

शेजारी कोणीतरी येऊन बसलं. वळून पाहिलं, तर मठीचा पांढरा कुत्रा, दुबू. दुबू म्हणजे सोयाबीनचं पनीर, रंगावरून नाव. मोठ्या अदबीने, पुढचे पाय जुळवून, तो माझं आटोपण्याची वाट बघत होता. मी उठताच तो पुढे झाला, सुळका तोंडात धरला आणि मुळापासून मोडून घेतला.

कडाम्! मग कुर्रम्, कुर्रम्, कुर्रम्.

"दुबू!" मी किंचाळलो. "अहो, धरा त्याला! मेंगबाईंचा वाडगा तो!"

स्वयंपाकघराच्या दारात मठीच्या वृद्ध भिक्षुणीबाई उभ्या होत्या.

"कोणाचा?" त्यांनी शांतपणे विचारलं. "तो दुबूचाच वाडगा आहे. तळाला चीर गेली, म्हणून त्याला दिला."

फक्त कुर्रम् चालू होतं.

"पण... त्यात मी शुद्ध पाणी..."

"तुम्ही भरलं होतंत होय? संध्याकाळी त्याने सगळं पिऊन टाकलं. मग मी झऱ्याचं भरलं."

म्हणजे माझ्या शुद्ध पाण्याचे सगळे वाडगे सपाट, आणि कुत्र्याने उष्टावलेल्या वाडग्यात, क्षारांच्या पाण्यातून, आयुष्यात पाहिलेला सर्वांत सुंदर बर्फ! आणि त्या वाडग्यापुढे, गावातल्या निम्म्या स्वयंपाकघरांच्या साक्षीने, मी लोटांगणं घालत होतो.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीच्या टोपलीतला मुळा हसू दाबताना खाली पडला. भिक्षुणीबाईंनी मात्र हात जोडले.

"कुत्र्यातही बुद्ध असतो की नाही, यावर आमच्याकडे फार जुना वाद आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही नुसतं त्यावर बसून विचार करतो. बांगसर, तुम्ही थेट वाकलात!"

त्या थट्टा करत होत्या का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा सपाट गोठलेल्या पाण्यासारखा होता. बायकांचं हसू मात्र आवरलं, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर पुन्हा तो मघाचाच भाव आला. आधीपेक्षा जास्त!

आणि तेव्हाच मठीकडे चढणाऱ्या जिन्याच्या वळणावरून मेंगबाई पुढे आल्या. डोक्याला लोकरीची शाल, हातात जपमाळ.

योम माझ्या कानाशी पुटपुटला, "गप्प राहा. एक शब्द बोलू नकोस. लग्न झालंच समज!"

त्याचं बरोबर होतं. मी नुसतं डोकं खाली घालून उभा राहिलो असतो, तरी पुरे होतं. सेबोमची ती हाक अजून कानात होती. मी तोंड मिटून घेतलं. पण त्या बाई अगदी समोर येऊन थांबल्या आणि माझ्या डोळ्यांत बघू लागल्या. पोराच्या लग्नासारखी गोष्ट त्यांनी माझ्या गुडघ्यांच्या भरवशावर ठरवावी आणि मला ठाऊक असावं की गुडघे कशासाठी टेकले होते, हे मला जमेना.

"मेंगबाई," मी म्हणालो, "मी नमस्कार घालत नव्हतो. फोटो काढत होतो. काल तुमचा समजून या वाडग्यातलं पाणीही मी बदललं, ते उठावं म्हणून. तेही चुकलं. यात सेबोमचा काही दोष नाही. तिच्या आईने तर मला इथे यायला मनाई केली होती."

योमने डोळे मिटून घेतले.

मेंगबाईंनी जपमाळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बायकांकडे एक नजर टाकली. त्या लांब होत्या. मग आवाज आणखी मऊ करून म्हणाल्या, "ते कळलं मला. तुम्ही सुरुवात केलीत, तेव्हापासून वळणावर उभी आहे. असं बूड वर करून कोणी नमस्कार घालतं का?"

मी गुडघ्यांवरचा बर्फ झटकू लागलो.

"तिथून तोही दिसत होता. बर्फ." त्या क्षणभर थांबल्या. "फार छान उठला होता हो. एवढासा बर्फ नीट दिसावा म्हणून जो माणूस इतक्या वेळा जमिनीला लागतो, त्याला वाकता येत नाही असं कसं म्हणू? नातवंडांना आजोळी कोणीतरी निरखून बघायला शिकवेल. तेही चालेल."

"म्हणजे..."

"म्हणजे काय, व्याहीबुवा? आता मुहूर्त बघायचा!"

'व्याहीबुवा' हा शब्द ऐकून योम मटकन पायरीवर बसला. मीही त्याच्या शेजारी टेकलो. पण त्याचं कारण पहाटेची कसरत, असं मी मानतो. दुबू माझ्या बुटावर डोकं ठेवून उरलेला बर्फ चाटत होता. अंगणभर ऊन सांडलं होतं, आणि वाडग्या-वाडग्यांतून ते परत वर येत होतं.

"आता एक ऐका," विहीणबाई म्हणाल्या, आणि आवाजातला मऊपणा तोच ठेवून त्यांनी त्यातली हवा काढून घेतली. "या बायकांनी खाली गावभर केलंय, की बांगसर मुलीसाठी एकशेआठ घालताहेत. आता कळलं, की माझे व्याही कुत्र्याच्या वाडग्यापुढे फोटो काढत होते, तर मला बरण्यांची झाकणं लावून घरात बसावं लागेल! सुरुवात झालीच आहे, तर पुरे करून टाका. माझ्या वाडग्यापुढे."

"विहीणबाई, आत्तापर्यंतचे धरायचे ना?"

"ते दुबूचे!"

त्यांचा वाडगा दुसऱ्या रांगेत होता. पांढरा, निळ्या काठाचा, एका जागी टवका उडालेला. कोणत्याही घरात असतो तसा. मी खाली वाकून पाहिलं. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा एक फुगवटा होता. त्याला सुळका म्हणणं म्हणजे वारुळाला पर्वत म्हणणं.

"उठलंय की नाही?" त्यांनी विचारलं.

माझ्या जिभेवर दोन-तीन शब्द आले होते. पण मी मुलीचा बाप होतो. "उठलंय," मी म्हणालो. समुद्रसपाटीपासून मोजलं, तर ते चुकीचं नव्हतं.

मग त्या चटई टाकून बसल्या, जपमाळ हातात घेतली आणि मोठ्याने मोजू लागल्या. एक. दोन. तीन. बायका दाटीवाटीने उभ्या राहिल्या. योमने मंडळाच्या प्रदर्शनासाठी माझाच कॅमेरा घेऊन माझे फोटो काढायला सुरुवात केली. चाळिशीनंतर गुडघे माझे राहिले नाहीत. साठीनंतर थंडीही वाटेनाशी झाली. वाडगा जवळ येई, दूर जाई, जवळ येई, दूर जाई, आणि त्या दाण्यात कड्याचं, आभाळाचं, माझं, सगळ्यांचं एवढंसं प्रतिबिंब हेलकावत होतं. कपाळ बर्फाला टेकलं, की आत खोलवर पाणी चालल्यासारखं ऐकू येई. ते माझंच रक्त होतं, हे मला ठाऊक आहे.

नव्वदीच्या पुढे कधीतरी, कपाळ खाली असताना, माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी मागतो आहे. स्पष्ट शब्दांत. आयुष्यात पहिल्यांदा. सेबोमचं नव्हे, तिचं तर ठरलंच होतं. मी अगदी कळवळून मागत होतो, की विहीणबाईंनी एखादा आकडा गाळावा!

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. माझ्या मनात आशेचा कोंब फुटला. त्या फोनवर म्हणाल्या, "हो रे तेसान, ठरलं, ठरलं! सेबोमला सांग, रडू नकोस म्हणावं... हो, इथेच आहेत... थांब हं..."

मी डोकं खाली ठेवून, श्वास रोखून वाट बघत राहिलो.

त्यांनी आकडा गाळला नाही. सत्त्याण्णव दोनदा मोजला.

मी हरकत घेतली नाही. मुहूर्त अजून निघायचा होता.